एक मे: एका तारखेवर एवढा इतिहास कसा?

नाशिकमधल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत वर्षाच्या सुरुवातीला सुट्ट्यांची यादी लागते. तिच्यात १ मेच्या पुढे दोन नावे वाचायला मिळतात: महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन. नव्याने कामाला लागलेला मुलगा ही यादी वाचतो आणि विचारतो, ‘दिवस दोन, मग सुट्टी एक कशी? आणि महाराष्ट्र नेमका कामगार दिनालाच कसा जन्मला?’ स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना हाच प्रश्न आणखी मोठा होऊन भेटतो. दिनविशेषाच्या पुस्तकात १ मेखाली रामकृष्ण मिशन आहे, शिकागोचा संप आहे, महाराष्ट्र आणि गुजरात आहेत, जिल्हा परिषदा आहेत, जालना, सिंधुदुर्ग, हिंगोली आणि गोंदिया हे जिल्हेही आहेत. इतके सगळे एकाच दिवशी घडावे, असे त्या दिवसात काय आहे?

दिवसात काहीच नाही. जे आहे ते माणसांनी ठेवलेले आहे. कोणत्याही तारखेवर घटना तीन वाटांनी येतात: योगायोगाने, निवडीने किंवा सोयीने. या तीन वाटा वेगळ्या ओळखता आल्या की दिनविशेषाची कोरडी यादी बोलू लागते. आपण १ मे हाच नमुना घेऊन या वाटा एकेक करून पाहू.

१. आधी तारीख म्हणजे काय ते पाहू

सूर्याभोवतीच्या पृथ्वीच्या फेरीत ‘१ मे’ अशी खूण कुठेही नाही. ती खूण कॅलेंडर करते, आणि कॅलेंडरे अनेक आहेत. भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून स्वीकारलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत १ मे हा नेहमी ११ वैशाख असतो. म्हणजे महाराष्ट्र राज्य ११ वैशाख, शके १८८२ या दिवशी अस्तित्वात आले असेही म्हणता येईल. दिवस तोच, नाव वेगळे.

याउलट, नाव तेच असूनही दिवस वेगळे असू शकतात. रशियात १९१८ च्या सुरुवातीपर्यंत जुने ज्युलियन कॅलेंडर चालू होते आणि ते आपल्या आजच्या कॅलेंडरच्या १३ दिवस मागे होते. १९१७ मध्ये झारची सत्ता गेल्यानंतर पेत्रोग्राडच्या कामगारांनी जगाबरोबर मे दिन, म्हणजे १ मेचा कामगार दिन, पाळायचे ठरवले. तेव्हा त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात १८ एप्रिल होता. तरीही तो मे दिनच होता, कारण त्यांना पॅरिस, लंडन आणि बर्लिनच्या कामगारांबरोबर एकाच दिवशी रस्त्यावर उतरायचे होते.

आपल्याकडे हा गुंता सगळ्यांच्या ओळखीचा आहे. शिवजयंती काही जण १९ फेब्रुवारीला साजरी करतात, काही जण फाल्गुन वद्य तृतीयेला. दोन्ही खुणा एकाच जन्मदिवसाच्या आहेत. एक इंग्रजी महिन्याने मोजलेली, दुसरी चंद्राच्या कलांनी. म्हणून ‘एकाच दिवशी घडलेल्या घटना’ म्हणताना आपण खरे तर ‘एका कॅलेंडरात एकाच नावाच्या दिवशी नोंदलेल्या घटना’ असे म्हणत असतो. वर्षे वेगळी, देश वेगळे, नाव तेवढे सारखे. एवढे ध्यानात ठेवले की पुढचा प्रश्न सोपा होतो: हे नाव जुळले कसे?

२. पहिली वाट: योगायोग

योगायोग आपल्याला वाटतो तितका दुर्मीळ नसतो. एक छोटे उदाहरण करून पाहू.

एका कारखान्यातल्या एका विभागात २३ जण काम करतात. त्यांच्यापैकी कोणत्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता किती? वर्षाचे दिवस ३६५ आणि माणसे फक्त २३, त्यामुळे ती अगदी थोडी असेल असे वाटते. पण आपल्याला एका माणसाची जोडी शोधायची नाही; कोणतीही जोडी चालणार आहे. २३ जणांतून किती जोड्या होतात? पहिला माणूस उरलेल्या २२ जणांशी जोडी करू शकतो, दुसराही २२ जणांशी, असे २३ वेळा. प्रत्येक जोडी दोनदा मोजली जाते म्हणून निम्मे करायचे. २३ गुणिले २२ भागिले २, म्हणजे २५३ जोड्या. तारीख जुळायला २५३ संधी! म्हणूनच २३ जणांत वाढदिवस जुळण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त भरते. ६० जणांच्या विभागात ती ९९ टक्क्यांच्या वर जाते.

इतिहासातल्या नोंदी २३ किंवा ६० नाहीत, लाखो आहेत, आणि तारखा मात्र ३६६. तेव्हा प्रत्येक तारखेवर गर्दी होणारच. त्या गर्दीतल्या बहुतेक घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नसतो.

१ मेची दोन उदाहरणे पाहा. स्वामी विवेकानंदांनी १ मे १८९७ ला कोलकात्यात बलराम बोस यांच्या घरी सभा घेऊन रामकृष्ण मिशनची स्थापना केली. त्याआधी सात वर्षे युरोपात मे दिन सुरू झाला होता, पण या सभेचा त्याच्याशी धागा जोडता येत नाही. हा निव्वळ योगायोग.

दुसरे उदाहरण थेट १ मे १९६० चे, म्हणजे आपले राज्य अस्तित्वात आले त्याच दिवसाचे. त्या दिवशी सोव्हिएत संघाने अमेरिकेचे यू-२ हे टेहळणी विमान स्वेर्दलोव्स्कजवळ पाडले आणि वैमानिक गॅरी पॉवर्स जिवंत हाती लागला. मॉस्कोच्या लाल चौकात तेव्हा मे दिनाचे संचलन चालू होते. दोन आठवड्यांनी पॅरिसमध्ये होणारी महासत्तांची शिखर परिषद या प्रकरणाने उधळली गेली. हे उड्डाण त्याच दिवशी का झाले? परिषद जवळ आल्यामुळे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी अशा उड्डाणांना १ मेपर्यंतच परवानगी दिली होती. म्हणजे त्या घटनेपुरते त्या तारखेला कारण होते, पण मुंबईत चाललेल्या राज्यस्थापनेच्या सोहळ्याशी तिचा संबंध नव्हता. एखाद्या घटनेला स्वतःचे कारण असते आणि तरीही दुसऱ्या घटनेशी तिचे जुळणे योगायोगाचे असू शकते.

३. दुसरी वाट: निवड. खुंटी कोणी ठोकली?

भिंतीत एकदा खुंटी ठोकली की घरातली माणसे तिच्यावर एकामागून एक वस्तू अडकवत जातात. पहिली वस्तू लावणाऱ्याने जागा ठरवलेली असते; पुढचे सगळे ‘खुंटी आहेच’ म्हणून तिथे येतात. तारखांचेही असेच होते. १ मेची खुंटी अमेरिकेत ठोकली गेली.

एकोणिसाव्या शतकात कारखान्यातला दिवस दहा, बारा, कधी चौदा तासांचा असे. दिवसाचे तीन समान भाग करावेत, आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःसाठी, ही मागणी ब्रिटनमध्ये रॉबर्ट ओवेन यांनी मांडली होती. मेलबर्नच्या पाथरवटांनी १८५६ मध्ये ती प्रत्यक्षात मिळवली. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने आठ तासांचा कायदा केला आणि तो १ मे १८६७ ला अमलात आला. पण त्यात पळवाटा होत्या. मालकांनी तो पाळला नाही आणि सरकारने पाळायला लावला नाही. शिकागो याच राज्यात आहे.

पुढे १८८४ मध्ये शिकागोतच भरलेल्या कामगार संघटनांच्या अधिवेशनात ठराव झाला की १ मे १८८६ पासून आठ तासांचा दिवस हाच कायदेशीर दिवस मानला जाईल. म्हणजे कामगारांनी दीड वर्ष आधी तारीख जाहीर केली. त्या काळी अमेरिकेच्या अनेक शहरांत घरभाड्याचे करार १ मेला संपत आणि नवे सुरू होत, त्यामुळे नवा हिशेब सुरू करण्याचा दिवस म्हणून ही तारीख लोकांच्या सवयीची होती. १ मे १८८६ हा शनिवार होता. तेव्हा शनिवार हा कामाचाच दिवस असे. त्या दिवशी अमेरिकेत तीन लाखांहून अधिक कामगारांनी काम थांबवले.

त्यानंतरचे दिवस रक्ताचे ठरले. ३ मेला शिकागोच्या मॅकॉर्मिक कारखान्याबाहेर पोलिसांनी कामगारांवर गोळीबार केला. त्याच्या निषेधार्थ ४ मेला हेमार्केट चौकात सभा भरली आणि तिथे पोलिसांच्या दिशेने बाँब फेकला गेला. स्फोट आणि त्यानंतरचा गोळीबार यांत सात पोलीस आणि अनेक नागरिक मरण पावले. बाँब कोणी टाकला हे सिद्ध झाले नाही, तरी आठ जणांना दोषी ठरवण्यात आले. चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ ला फाशी झाली, एकाने आदल्या दिवशी कोठडीत जीव दिला. उरलेल्या तिघांची १८९३ मध्ये गव्हर्नर ऑल्टगेल्ड यांनी सुटका केली, आणि तो खटला अन्यायाचा होता हेही लिहून ठेवले.

आता निवडीचे दुसरे पाऊल. १४ जुलै १८८९ ला, म्हणजे बॅस्तियचा तुरुंग फोडल्याला बरोबर शंभर वर्षे झाली त्या दिवशी, पॅरिसमध्ये जगभरच्या समाजवादी आणि कामगार प्रतिनिधींचे अधिवेशन सुरू झाले. त्या अधिवेशनाचा दिवसही विचारपूर्वक निवडलेला होता. तिथे ठरले की आठ तासांच्या मागणीसाठी सगळ्या देशांतल्या कामगारांनी एकाच दिवशी निदर्शने करावीत. अमेरिकन कामगारांनी १ मे १८९० ही तारीख आधीच धरली होती, म्हणून तीच सगळ्यांनी घेतली.

१ मे १८९० गुरुवारी आला. अनेक शहरांत कामगारांनी त्या दिवशी काम सोडले. लंडनमध्ये मात्र मोठा मेळावा पुढच्या रविवारी, ४ मेला भरला. दिवसाची मजुरी बुडवणे सगळ्यांना परवडणारे नव्हते. तारीख पाळायला किंमत पडते, आणि ती किंमत मोजणारे असले तरच खुंटी भिंतीत टिकते. पुढे खुद्द अमेरिकेने १८९४ मध्ये सप्टेंबरचा पहिला सोमवार हा कामगार दिन ठरवला. खुंटी जिथे ठोकली गेली, तिथले सरकार दुसऱ्या भिंतीकडे गेले. जगातल्या बहुतेक देशांनी १ मे धरून ठेवला.

४. आपल्याकडचे आठ तास

भारतातला पहिला मे दिन १ मे १९२३ ला चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर पाळला गेला. कामगार पुढारी सिंगारवेलर यांनी त्या दिवशी दोन सभा घेतल्या, लाल झेंडा लावला आणि हा दिवस कामगारांच्या सुट्टीचा असावा अशी मागणी केली.

पण मराठी वाचकाने याआधीची एक गोष्ट विसरू नये. पॅरिसच्या ठरावाप्रमाणे जगात पहिला मे दिन पाळला गेला त्याच १८९० साली, अवघ्या ४० दिवसांनी, म्हणजे १० जूनला, मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य झाली. ती मिळवली सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली होती, ‘दीनबंधु’ हे पत्र ते चालवत होते आणि हजारो कामगारांच्या सह्यांचे अर्ज त्यांनी सरकारपुढे ठेवले होते. शिकागो आणि परळ यांच्यात अर्धे जग होते, पण दोन्हीकडचा थकवा सारखाच होता.

तास मात्र हळूहळू उतरले. १९२२ च्या कायद्याने आठवड्याला ६० तासांची मर्यादा आली, १९३४ च्या कायद्याने ती ५४ झाली. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या खात्याच्या पुढाकाराने झालेल्या १९४६ च्या दुरुस्तीने ही मर्यादा ४८ तासांवर आली, आणि १९४८ च्या कारखाने कायद्याने ती स्वतंत्र भारतात कायम केली. ४८ हा आकडा कुठून आला? आठवड्याचे कामाचे दिवस सहा, दिवसाचे तास आठ. सहा आठे अठ्ठेचाळीस. शिकागोची मागणी पुढे भारताच्या कायद्यात या गुणाकाराच्या रूपाने आली.

या आठ तासांनी केवळ आराम दिला नाही, रोजगारही वाढवला. समजा एक यंत्रओळ चोवीस तास चालते आणि तिच्यावर एका वेळी १० माणसे लागतात. बारा तासांची पाळी असेल तर दिवसात दोन पाळ्या होतात, म्हणून २० माणसे लागतात. आठ तासांची पाळी केली तर तीन पाळ्या होतात, म्हणून ३० माणसे. यंत्रे तेवढीच, पण दहा घरांत जास्तीचा पगार. सातपूरमध्ये फर्स्ट, सेकंड आणि नाईट अशा तीन शिफ्टवर घराघरांचे जेवण, झोप आणि मुलांच्या शाळेच्या वेळा ठरतात. त्या तीन शिफ्टचा उगम या भागाकारात आहे.

५. १ मे १९६०: कायद्यातली तारीख, रस्त्यावरचा अर्थ

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी नाकारली आणि गुजराती-मराठी द्विभाषिक राज्य सुचवले. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि पुन्हा शहर पेटले; अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी राजीनामा दिला. फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली. केशवराव जेधे, एस. एम. जोशी, आचार्य अत्रे, प्रबोधनकार ठाकरे, श्रीपाद अमृत डांगे अशी वेगवेगळ्या विचारांची माणसे तिच्यात एकत्र आली.

या लढ्यात नाशिकचा वाटा ठळक आहे. डांगे मूळचे नाशिक जिल्ह्यातले आणि मुंबईच्या गिरणी कामगारांचे पुढारी. काळाराम मंदिर सत्याग्रहात बाबासाहेबांच्या बरोबरीने उभे राहिलेले दादासाहेब गायकवाड समितीच्या आघाडीतून १९५७ मध्ये नाशिकचे खासदार झाले. लढ्यातल्या हुतात्म्यांत गिरणी कामगार मोठ्या संख्येने होते. फ्लोरा फाउंटनजवळच्या हुतात्मा स्मारकात शेतकरी आणि कामगार यांच्या हाती मशाल आहे, ती याचसाठी.

शेवटी द्विभाषिक राज्य विभागण्यासाठी संसदेने मुंबई पुनर्रचना कायदा केला. तो १९६० सालचा ११ वा कायदा. नवे राज्य कधी अस्तित्वात येणार हे सांगणाऱ्या तारखेला कायद्यात ‘नियत दिन’ म्हणतात, म्हणजे आधी नेमून दिलेला दिवस. या कायद्यात नियत दिन आहे १ मे १९६०. कायदा तेवढेच सांगतो. हा दिवस का, याबद्दल त्यात एक ओळही नाही. कायद्याची भाषा अशीच असते. ती दिवस नेमते, अर्थ लावत नाही.

अर्थ लोकांनी लावला. ज्या राज्यासाठी गिरणगाव रस्त्यावर उतरले, ते राज्य कामगारांच्या दिवशी मिळाले, ही गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागली नाही. तो रविवार होता. मुंबईत राजभवनावर पंडित नेहरूंच्या उपस्थितीत राज्याची घोषणा झाली. श्रीप्रकाश पहिले राज्यपाल आणि यशवंतराव चव्हाण पहिले मुख्यमंत्री झाले. त्याच दिवशी गुजरातही वेगळे राज्य झाले. तिथला सोहळा रविशंकर महाराजांच्या हस्ते झाला आणि जीवराज मेहता पहिले मुख्यमंत्री झाले. दोन्ही राज्ये एकाच कायद्याने, एकाच नियत दिनी आली, म्हणून दोघांचा स्थापना दिवस एकच. यात योगायोग अजिबात नाही.

६. तिसरी वाट: सोय, आणि खुंटीवरची पुढची ओझी

सरकारी कामाला महिन्याची पहिली तारीख सोयीची असते. पगार, हिशेब, बदल्या, दप्तर हे सगळे पहिल्यापासून धरले की तुकडे पडत नाहीत. म्हणून आंध्र राज्य १ ऑक्टोबर १९५३ ला आले, देशभरची राज्य पुनर्रचना १ नोव्हेंबर १९५६ ला झाली, आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. १ मे हीसुद्धा पहिली तारीखच आहे. म्हणजे या तारखेत निवड आणि सोय दोन्ही एकत्र येऊ शकतात. मग त्या वेगळ्या कशा ओळखायच्या? मोजून.

महाराष्ट्र झाला तेव्हा जिल्हे होते २६. आज आहेत ३६. म्हणजे दहा जिल्हे नंतर झाले. त्यांतले चार १ मेला झाले: १९८१ मध्ये जालना आणि सिंधुदुर्ग, १९९९ मध्ये हिंगोली आणि गोंदिया. जोडीने झालेले जिल्हे एकच निर्णय धरू. मग दहा जिल्ह्यांचे निर्णय होतात सात, आणि त्यांतले दोन १ मेचे. तारखा वाटेल तशा पडल्या असत्या तर सात निर्णयांत १ मेच्या वाट्याला किती आले असते? सात भागिले ३६५, म्हणजे ०.०२ च्या आसपास. आता सोयीचा विचार करू. सातही निर्णय महिन्याच्या पहिल्या तारखेलाच झाले असते असे मानले, तरी वर्षात पहिल्या तारखा बारा. सात भागिले बारा, म्हणजे ०.६. प्रत्यक्षात आले दोन. आकडे लहान आहेत, म्हणून एवढ्यावरून पैज लावू नये. पण हिशेब कोणत्या बाजूला झुकतो ते दिसते. राज्याच्या वाढदिवशी नवा जिल्हा जन्माला घालणे शासनाला आवडते.

या माळेतला सगळ्यात वजनदार मणी मात्र १९६२ चा आहे. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. राज्याच्या दुसऱ्या वाढदिवशी शाळा, दवाखाने आणि रस्ते यांचा कारभार गावाच्या जवळ आला. राज्य मिळाले ते कोणासाठी, याचे एक उत्तर त्या दिवशी दिले गेले. आजही १ मेला गावोगावी ग्रामसभा भरतात.

एकदा दिवस मानाचा झाला की तो कायद्यातही उतरतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या सांगितल्या आहेत. त्यांतल्या चार नावानिशी आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. उरलेल्या चार परस्पर संमतीने ठरवायच्या. प्रजासत्ताक, स्वातंत्र्य आणि गांधीजयंती यांच्या रांगेत १ मे बसला आहे.

७. दोन इतिहासांचे एक गाव

नाशिकहून त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावर लागणारे सातपूर हे एके काळी शेतीचे गाव होते. राज्य झाल्यावर दुसऱ्याच वर्षी औद्योगिक विकासाचा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९६२ ला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाली. कल्पना सरळ होती: उद्योग मुंबई-ठाण्यातच दाटू नयेत, सरकारने जमीन, पाणी, वीज आणि रस्ते तयार करून द्यावेत आणि कारखाने जिल्ह्याजिल्ह्यांत जावेत. सातपूर ही नाशिकमधली त्या काळातली वसाहत. मायको, महिंद्रा, सिएट ही नावे इथल्या पत्त्यांचा भाग झाली. खानदेशातून, मराठवाड्यातून, नाशिक जिल्ह्यातल्याच कसमादे पट्ट्यातून माणसे आली. त्यांच्या वस्त्यांना श्रमिकनगर, कामगारनगर अशी नावे पडली. ७ नोव्हेंबर १९८२ ला नाशिक महापालिका स्थापन झाली आणि सातपूर तिचा भाग झाले.

म्हणून सुट्टीच्या यादीत शेजारी असलेली ती दोन नावे सातपूरमध्ये परकी वाटत नाहीत. कामगार चळवळीने आठ तासांची शिफ्ट, रविवारची सुट्टी आणि आजारपणातला ईएसआयचा दवाखाना मिळवला. राज्याच्या लढ्याने मराठी माणसाचे स्वतःचे सरकार मिळवले आणि त्या सरकारने एमआयडीसी उभारून कारखाना दाराशी आणला. दोन्हींपैकी एकही नसते तर हे गाव आज आहे तसे नसते. आठ तास नावापुरते राहिलेल्या ठिकाणी कंत्राटावर राबणाऱ्या माणसाला या दिवसाची सगळ्यात जास्त गरज आहे. त्याच्यासाठी १८८६ ची मागणी अजून जुनी झालेली नाही.

८. स्वतः सोडवून पाहा

कोणताही दिनविशेष समोर आला की तीन प्रश्न विचारायचे. ही तारीख कोणी आधी जाहीर केली होती का? केली असेल तर ती कोणत्या जुन्या घटनेशी जोडली होती, की केवळ महिन्याची पहिली म्हणून सोयीची होती? आणि यांपैकी काहीच नसेल तर जुळणे योगायोगाचे नाही का?

सरावाला १ ऑगस्ट घेऊ.

लोकमान्य टिळकांचे निधन, १ ऑगस्ट १९२०. मृत्यू तारीख निवडत नाही. इथे निवडीला जागाच नाही.

असहकार आंदोलनाची सुरुवात, तोच दिवस. गांधीजींनी ही तारीख आधी जाहीर केली होती. म्हणजे निवड. पण ती टिळकांच्या निधनाशी जुळली हा योगायोग.

वाटेगाव येथे अण्णाभाऊ साठे यांचा जन्म, पुन्हा तोच दिवस. योगायोग. हेच अण्णाभाऊ पुढे मुंबईच्या कामगारांचे आणि संयुक्त महाराष्ट्राचे शाहीर झाले, पण ते त्यांच्या कर्तृत्वाने, जन्मतारखेने नव्हे.

एमआयडीसीची स्थापना १९६२ ची आणि पालघर जिल्ह्याची २०१४ ची. दोन्ही महिन्याच्या पहिल्या तारखेला केलेली सरकारी कामे. इथे पहिला अंदाज सोयीचा करायचा आणि निवडीचा पुरावा मिळाला तरच तो बदलायचा.

अण्णाभाऊंच्या जयंतीला दरवर्षी निघणारी मिरवणूक मात्र निवड आहे. नाशिकचे कुसुमाग्रज २७ फेब्रुवारी १९१२ ला जन्मले हा निसर्गाचा भाग. तो दिवस मराठी भाषा गौरव दिन व्हावा हे आपण ठरवले. ज्या तारखा माणसांनी ठरवल्या, त्यांच्यामागे कोणाची तरी मागणी, कोणाचे तरी कष्ट आणि एखादे वचन असते. दिनविशेष पाठ करताना सालाबरोबर ते वचनही लक्षात ठेवावे, आणि ते पाळले जाते आहे का, हे दरवर्षी त्या तारखेला तपासावे. सुट्टी त्यासाठीच दिलेली असते.